शिळ्या सणाचं सोनं



आज सकाळी गहू भिजत घातले. सोमवारी संध्याकाळी आमचं नवं वर्ष लागतंय, म्हणजे चीक काढायला बरोबर चार दिवस हातात आहेत. गव्हावर पाणी ओतताना कमरीपेठेतलं आमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, ते आज लिहून टाकते. पोस्ट मोठी झालीय, चहा घेऊन बसा.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. मूळ गावं कुलाबा जिल्ह्यात, आताच्या रायगडात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही आमच्या घराघरात सांगितली जाणारी गोष्ट. पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायचे. पुढे इंग्रजी अमदानीत आमची माणसं पलटणीत, पोस्टात, दवाखान्यांत आणि रेल्वेत शिरली. माझे बाबा रेल्वेतले. हुबळीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी, म्हणून माझं लहानपण हुबळीला, कमरीपेठेत गेलं.

कमरीपेठ म्हणजे सावजी लोकांची वस्ती. एस. एस. के. समाज म्हणतात तो. मूळचे विणकर. घरात त्यांची खत्री बोली, बाजारात कन्नड, आणि आमच्याशी हुबळीची ती खास मराठी. आम्ही एका जुन्या वाड्याच्या अर्ध्या भागात भाड्यानं राहायचो. उरलेल्या अर्ध्यात एक सावजी कुटुंब. मधे एकच भिंत. त्यांच्या मागच्या सोप्यात हातमाग होता. त्याची खटक-खटक ऐकतच मी पाढे पाठ केले. त्या घरच्या बाईंना सगळी पेठ 'अक्का' म्हणायची, आम्हीही अक्काच म्हणायचो. त्यांच्या यजमानांना काका.

आता सणांबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रोश हशाना, योम किप्पूर ही नावं आता पेपरात येतात. आजीच्या तोंडी ती नव्हती. तिच्या लेखी तिश्री महिन्याची पहिली तारीख म्हणजे 'नव्याचा सण'. चौथ्या दिवशी 'खिरीचा सण', नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर. दहाव्या दिवशी 'दारफाळणीचा सण', म्हणजे योम किप्पूर. पंचवीस तास उपास, पाण्याचा थेंब नाही, अंगावर पांढरे कपडे आणि घराचं दार बंद. दार लावून घ्यायचं म्हणून दारफाळणी. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी दार सताड उघडं, गोरगरिबांना दानधर्म आणि शेजारीपाजारी भेटीगाठी. एस्तेरचा पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. तिशा बआवच्या सुतकी दिवशी वालाचं बिरडं करायचं, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. आमच्या बायकांनी स्वयंपाकघरातून ठेवलेली ही नावं. किहीमकरांनी बेने इस्रायलांचा जो इतिहास लिहून ठेवला, त्यातही ती आहेत.

आणखी एक गंमत. आमचं पंचांगही चंद्राचं, आणि त्यातही अधिक महिना असतो. त्यामुळे बहुतेक वर्षी नव्याचा सण येतो घटस्थापनेच्या आसपास आणि दारफाळणी येते दसऱ्याच्या आसपास. २०२५ सालीच बघा, दसरा २ ऑक्टोबरला आणि योम किप्पूरही २ ऑक्टोबरला. २०२२ सालीही दोन्ही ५ ऑक्टोबरला होते. एखाद्या वर्षी दोन्हीकडचे अधिक महिने मागेपुढे झाले की महिन्याचा फरक पडतो. २०२३ साली पडला होता. तेव्हा आमचं नवं वर्ष गणपतीच्या तोंडावर आलं.

म्हणजे कमरीपेठेत काय व्हायचं, तर भिंतीच्या पलीकडे घट बसायचे आणि अलीकडे आमचं नवं वर्ष. दाजीबान पेठेतल्या तुळजाभवानीच्या देवळात ही गर्दी. पलीकडे देवीपुढे अखंड दिवा. अलीकडे दारफाळणीला आजीचा दिवा, काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल, तेलावर वात. दोन्ही घरांचं तेल एकाच डब्यातलं असायचं. आमची तेलाची पारख मोठी, शेवटी तेलीच आम्ही! अक्का म्हणायच्या, "आजी, तेल तुमीच बगून घ्या बाई, तुमच्या हातचं चांगलं निघतंय." मग दुर्गदबैलच्या बाजारातून आजी डबा घेऊन यायची आणि अर्धा अर्धा वाटून द्यायची.

आमची तयारी सुरू व्हायची महिनाभर आधी, एलूल लागला की. या महिन्यात पहाटे उठून सेलिहोत म्हणायची, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना. बाबा पहाटे चारला उठून, हातपाय धुऊन पुढच्या खोलीत उभे राहायचे. मागून दादा डोळे चोळत. बाबांचा आवाज खणखणीत होता. पहिल्या वर्षी पेठेत कुजबुज झाली, रेल्वेवाल्यांच्या घरात पहाटे कसलं भजन चालतं म्हणून. काकांनी चौकशी केली. बाबा म्हणाले, "वर्षभरात केलेल्या चुकांची माफी मागतोय." काका म्हणाले, "मग महिना कसा पुरेल हो?" पुढे पहाटे बाबांचा आवाज ऐकू आला की अक्का चूल पेटवायच्या. त्यांना गजर लावायची गरज नव्हती.

मग भिंतींना चुना, भांड्यांना कल्हई, पांढऱ्या कपड्यांना नीळ. आईची पांढरी साडी वर्षातून त्या एका दिवसासाठी ट्रंकेतून निघायची.

आणि चिकाचा हलवा. याच्याशिवाय नवं वर्ष नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास मारतो. चौथ्या दिवशी रगड्यावर वाटायचे, पंचात पिळून काढायचे, ते पांढरं पाणी झाकून ठेवायचं. वरचं निवळ पाणी हलक्या हातानं ओतून दिलं की तळाशी दाट चीक बसलेला असतो. इकडे नारळ खवून घट्ट दूध काढायचं. चीक, नारळाचं दूध आणि साखर कल्हईच्या पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर हलवत बसायचं. दीड-दोन तास हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळी. कडेनं सुटायला लागला की वेलची, जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप, आणि तूप न लावता ताटात थापायचा. दूध नारळाचंच. आमच्यात मांसाच्या जेवणाबरोबर गाईम्हशीचं दूध-तूप चालत नाही, आणि सणाला जेवणात कोंबडी असतेच. त्यामुळे आमच्या सगळ्या गोडधोडात नारळ.

चीक काढणं अक्कांना नवं नव्हतं. कुरडया घालणाऱ्या बाईला चीक काय शिकवायचा? पण तो असा नारळाच्या दुधात शिजवतात हे त्यांनी आमच्याकडेच पाहिलं. मग दरवर्षी त्या पदर खोचून हलवायला हजर. आजीचा हात दुखायला लागला की उलथनं अक्कांच्या हातात जायचं. अक्का नवरात्राचे उपास करायच्या, त्यामुळे गव्हाचा हलवा त्यांना चालायचा नाही. दोन तास हलवून त्या बोटसुद्धा चाटायच्या नाहीत. त्यांच्या वाट्याच्या वड्या आजी डब्यात बंद करून ठेवायची, दसऱ्यानंतर द्यायला.

आम्हा मुलांची पंचाईत वेगळीच. सावजींच्या मटणाच्या रश्श्याचा वास रविवारी सगळ्या पेठेत दरवळायचा. आम्हाला आमच्या पद्धतीनं कापलेलंच मांस चालतं, म्हणून तो रस्सा आम्ही कधी चाखला नाही. अक्का आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाट्याचा तसाच रस्सा करायच्या. आजही मला सावजी म्हटलं की बटाटाच आठवतो, हसू नका!

आमच्या पेठेत सिनेगॉग नव्हतं. आमचं सिनेगॉग पुण्याचं, रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो, १९२१ साली बांधलेलं. कॅम्पातलं डेव्हिड ससूननं बांधायला घेतलेलं लाल देऊळ मोठं आणि प्रसिद्ध, पण ते बगदादी ज्यूंचं. आमची बेने इस्रायल माणसं रास्ता पेठेतली. दरवर्षी बाबा रजा काढायचे आणि आम्ही ट्रंक, वळकटी, हलव्याचा डबा घेऊन रात्रीच्या गाडीत बसायचो. हुबळीहून मिरजेपर्यंत मीटर गेज. पुढचा मार्ग मोठा झाल्यावर मिरजेला गाडी बदलावी लागायची. पहाटेच्या अंधारात एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर पळताना आई ओरडायची, "डबा आडवा धरू नकोस!"

पुण्याला मग चुलते, मावश्या, आत्या, सगळा गोतावळा. वरच्या सज्जात बायका, खाली पुरुष. हेखाल उघडण्याचा मान कोणाला, यासाठी बोली लागायची. हेखाल म्हणजे तोऱ्याच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट. सव्वा रुपयापासून सुरू व्हायची बोली. शोफर, म्हणजे मेंढ्याचं शिंग वाजलं की सज्जातल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. मला तेव्हा कळायचं नाही शिंग ऐकून रडण्यासारखं काय आहे.

ते कळलं १९७३ साली. त्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो नाही.

ऑगस्टमध्ये आजी न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. तिला गाडीनं नेणं शक्यच नव्हतं आणि तिला टाकून जाणंही शक्य नव्हतं. बाबा म्हणाले, या वर्षी सण इथंच. आजी खाटेवरून म्हणाली, "इथं तर इथं. हा मुलूख काय आपल्याला परका नाही." आणि मग तिनं ती गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. इंग्रजांच्या पलटणीतले समाजी हसाजी दिवेकर बेदनूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. बेदनूर म्हणजे आताच्या शिमोगा जिल्ह्यातलं नगर. हे कैदी बेनी इस्रायल आहेत असं कळल्यावर टिपूच्या आईनं शब्द टाकला आणि जीव वाचला, असं आमच्यात सांगतात. दिवेकरांनी नवस बोलला होता. तो त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला आमचं पहिलं सिनेगॉग बांधून फेडला. आम्ही सिनेगॉगला पूर्वी मशीदच म्हणायचो. मशीद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरून पडलं असं आमची माणसं अभिमानानं सांगतात. "तेव्हा पहिल्या मशिदीचा नवस या कानडी मुलखातच झालाय," आजीचं म्हणणं.

नव्याचा सण २७ सप्टेंबरला आला, त्याच सकाळी पलीकडे घट बसले. दुपारी बाबा आम्हाला उणकलच्या तलावावर चालत घेऊन गेले. पाण्याकाठी प्रार्थना म्हणून कपड्यांचे कोपरे झटकायचे, वर्षाची पापं पाण्यात. पुण्यात नदीवर जायचो, इथं तलाव. दादानं खिसा झटकला तर त्यातून एक गोटी पडली आणि ती शोधायला तो वाकला, तर बाबा म्हणाले, "टाकलेलं उचलायचं नाही."

खरी काळजी दारफाळणीची होती. आमच्यात सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा नसतील तर प्रार्थना होते, पण कद्दिश म्हणता येत नाही. कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसांसाठी म्हणायचं ते. आजोबा जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. आजीचा सगळा जीव त्या कद्दिशमध्ये अडकलेला. ती म्हणायची, गेलेली माणसं दारफाळणीच्या आदल्या रात्री घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. "ते येतील आणि त्यांच्या नावानं कद्दिश होणार नाही, हे मला बघवणार नाही."

बाबांनी माणसं मोजली. हुबळी-धारवाडात मिळून आठ. दादा त्याच ऑगस्टमध्ये तेरा पुरा झाला होता, तो धरून नऊ. दहावे गदगचे, रेल्वेतलेच एक गृहस्थ. त्यांनी चिठ्ठी पाठवली, शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येतो. बाबांचा चेहरा उजळला. आठवडाभर काका रोज कट्ट्यावरून विचारायचे, "दहा झाले काय?" आणि बाबा म्हणायचे, "झाले!"

शुक्रवारी, ५ ऑक्टोबरला, दुपारपासून माणसं जमली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, पुऱ्या आणि कोंबडीचा रस्सा. मग आंघोळ, पांढरे कपडे. गदगची गाडी लेट होती. बाबा दोनदा दारात जाऊन आले. दादाला सायकलवर स्टेशनला पिटाळलं. तो परत आला आणि नुसती मान हलवली. ऊन समोरच्या घराच्या कौलांवर गेलं, मग कौलांवरूनही उतरलं. बाबा उंबऱ्यात उभेच.

काका कट्ट्यावर होते. त्यांना सगळं कळलं होतं. ते उठून आले, हळूच म्हणाले, "एकच कमी आहे न्हवं? मी येऊन बसू काय? तोंडातनं शब्द काढणार नाही."

बाबांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "काका, तसं चालत नाही आमच्यात. चाललं असतं तर पहिलं तुम्हालाच बोलावलं असतं."

"मग मी हितंच बसतो," काका म्हणाले आणि कट्ट्यावर जाऊन बसले.

बाबांनी दार लोटलं. आजीच्या खाटेजवळ जाऊन म्हणाले, "आई, नऊच झालो." आजी पेल्यातल्या दिव्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मोजणारा तो आहे. आपण म्हणायचं तेवढं म्हणा."

नऊ जणांनी म्हटलं. दुसरा दिवस शनिवार. भिंतीपलीकडचा माग शांत होता. दसऱ्याच्या सुमारास ते माग पुजून बंद ठेवायचे. एरवी पेठेत त्या दिवसांत ढोल-ताशे, पोरांचा दंगा. पण आमच्या दारासमोर आवाज नाही. नंतर शेजारच्या पोरांनी सांगितलं, काका दिवसभर कट्ट्यावर बसून होते. ढोलवाले आले की हात करून पलीकडच्या बोळातून पाठवायचे. "आत देवाचं चाललंय," एवढंच सांगायचे.

संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर बाबांनी शोफर तोंडाला लावलं आणि एकच लांब सूर काढला. उपासानं त्यांच्या छातीत दम नव्हता, तरी तो सूर संपता संपेना. आजी रडत होती आणि त्या वेळी मलाही रडू आलं. बाहेर पोरं ओरडली, "शिंग वाजलं, शिंग वाजलं!" दार उघडलं तर दारात अक्का, लिंबाच्या सरबताची कळशी घेऊन. दरवर्षी आम्ही पुण्याला असायचो, त्यांना हे कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

जेवणं झाली. माणसं पान खात बसली. तेव्हा काका ट्रान्झिस्टर काखेत धरून आत आले. म्हणाले, "जेवणं होईतो थांबलो. इस्रायलात लढाई लागलीय. आजच. रेडिओवर सांगितलं."

खोलीत कोणी बोलेना. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, १९६० च्या सुमारास तिकडे गेलेली. बीरशेबाला राहायची. तिचा मुलगा वीस वर्षांचा, सैन्यात. आजीचा पहिला नातू, तिच्याच हातांवर वाढलेला. आजीनं एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूला?" बाबा म्हणाले, "दक्षिणेला असतो बहुतेक." दक्षिणेला म्हणजे सिनाई, म्हणजे जिथं लढाई होती तिथंच.

तेव्हा फोन नव्हते. भारताचे इस्रायलशी पुरते राजनैतिक संबंधसुद्धा १९९२ सालीच जुळले. पत्र जायचं-यायचं, पण त्याला आठवडे लागायचे. बाबांनी त्याच रात्री लिहिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आर. एम. एस.च्या पेटीत टाकलं आणि वाट बघणं सुरू झालं.

रविवारी शिळा सण. दार उघडंच होतं. गदगचे गृहस्थ मान खाली घालून आले. रात्री उशिरा पोचले होते, सूर्य मावळल्यावर सणाचं प्रवास करून घरी कसं यायचं म्हणून स्टेशनातच वेटिंग रूममध्ये बसून त्यांनी उपास काढला होता. बाबांनी त्यांना मिठी मारली. आणि मग अक्का आणि काका आले, पदरात बन्नीची पानं घेऊन. आपल्याकडे आपट्याची पानं देतात तशी तिकडे बन्नीची, शमीची. ती देताना कन्नडमध्ये म्हणायचं, "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणु." बन्नी घ्या, सोन्यासारखे राहू. आमच्या हातात पानं देऊन झाल्यावर अक्का आजीच्या खाटेशी गेल्या. तिच्या मुठीत पानं ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, घट उठतील, पण माझा दिवा उठणार न्हाई. पोराचं पत्र येऊ दे, मगच शांत करीन."

आमच्या धर्मात मूर्तीला जागा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर आमची माणसं फार कडक. बाबा काहीतरी बोलणार होते, पण आजीनं डोळ्यांनी थांबवलं. अक्का गेल्यावर बाबा म्हणाले, "आई, हे बरोबर आहे का?" आजी म्हणाली, "तिच्या घरात तिचा दिवा. मी कोण नको म्हणणार?"

पण गोष्ट तिथं थांबली नाही. आठवड्यानं आजीनं मला बोलावलं, तेलाची किटली भरून दिली आणि म्हणाली, "अक्काला नेऊन दे. इतक्या दिवसांचं तेल एकट्या बाईनं कुठून आणायचं?" बाबांनी पाहिलं. या वेळी ते गप्प बसले नाहीत. घरात आवाज चढला, आमच्या घरात क्वचितच चढायचा. बाबा म्हणाले, "देवीच्या दिव्याला आपल्या घरचं तेल? कालच दारफाळणी झाली आपली!" आजी शांतपणे म्हणाली, "मी तेल शेजारणीला देते. ती कुठं जाळते ते तिचं. आपण पिढ्यान् पिढ्या तेल विकलं, गिऱ्हाइकाला कधी विचारलं होतं का, दिवा कुणापुढे लावणार म्हणून?"

बाबा बाहेर निघून गेले. मी किटली घेऊन तिथंच उभी. आजी म्हणाली, "जा गं." मी गेले. मग दर आठवड्याला जात राहिले.

स्वतः आजीनं मात्र आपल्या वाटेनं मागितलं. एलिया हनाबीला, म्हणजे एलिया पैगंबराला, तिनं मलिदा बोलला. पत्र आलं की मलिदा करीन.

दिवाळी झाली. लढाई थांबल्याचं रेडिओवर कधीच सांगून झालं होतं, पण पत्र नाही. आजी आता विचारायचीही बंद झाली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर एका दुपारी पोस्टमननं निळं एरोग्राम आणलं. आत्याचं मराठी अक्षर. आईनं दारातच फाडलं. पोरगा जिवंत होता. खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता, दवाखान्यात होता, पण जिवंत होता. आई मोठ्यानं वाचत होती आणि भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला, "काय म्हणतंय? काय म्हणतंय?"

मलिदा झाला. पोहे धुऊन त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं आणि खजूर. बाबांनी एलियाची प्रार्थना म्हटली. या वेळी दहा माणसं होती. गदगचे गृहस्थ दोन गाड्या आधी येऊन बसले होते! त्यामुळे त्या दिवशी आजोबांच्या नावानं कद्दिशही झालं. आजीनं पहिलं ताट स्वतः वाढून पलीकडे पाठवलं. त्या संध्याकाळी अक्कांनी देवीची ओटी भरली आणि दिवा शांत केला. एका पोरासाठी दोन घरांनी दोन नवस फेडले. कुणाचा पावला यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी तेलाचा नवा डबा आणला आणि स्वतःच्या हातानं अर्धा वाटून अक्कांकडे नेऊन दिला.

आजी पुढच्या वर्षी गेली. बाबांची बदली झाली, नंतर निवृत्ती. नात्यातली निम्मी माणसं इस्रायलला गेली. आज भारतात आम्ही सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास उरलो असू. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, पण दहा माणसं जमवण्याची धावपळ गावोगाव अजून तीच आहे. मी लग्न होऊन ठाण्याला आले. इथलं आमचं सिनेगॉग १८७९ सालचं, टेंभी नाक्याजवळ. टेंभी नाक्याची देवी ठाणेकरांना सांगायला नको. म्हणजे इथंही किप्पूरची प्रार्थना आत आणि नवरात्राची गर्दी बाहेर. मला त्याचा कधी त्रास वाटला नाही. उलट बाहेर आवाज नसला तर चुकल्यासारखं होतं.

अक्का आणि काकाही आता नाहीत. वाड्याच्या जागी इमारत उभी राहिलीय. त्यांची नात नोकरीनिमित्त डोंबिवलीला राहते. काल तिचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, यंदा दसरा दोन तारखेला आहे. तुमचंही दार त्याच दिवशी बंद ना?" मी म्हटलं, "हो गं." तर म्हणते, "मग मी तीन तारखेला येते. आज्जी सांगायची, तुमच्याकडे सोनं शिळ्या सणालाच द्यायचं."

तिच्या वाट्याच्या हलव्याच्या वड्या मी डब्यात बाजूला काढून ठेवणार आहे. तीही नवरात्राचे उपास करते.

हुबळी-धारवाडकडची मंडळी इथं असतील तर जरूर लिहा. तुमच्या शेजारी कुणी आमची माणसं राहत होती का? आणि पुण्यात रास्ता पेठेत कुणाचं लहानपण गेलं असेल तर त्यांनीही लिहा. चला, गव्हाचं पाणी बदलायची वेळ झाली.